जपानी लक्झरी पाहायची तर गिंझा नको, ओसु

पुण्यात जपानचा विषय निघाला की लोक आवाज खाली घेतात. साधेपणा, शिस्त, चहाचा सोहळा, रिकाम्या खोलीत एकच फुलदाणी. सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात एक रविवार काढलेल्या माणसाला तर जपान आतून-बाहेरून कळलेला असतो. ती बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केली आहे, देखणी आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण युरोपातल्या महागड्या बॅगा, स्कार्फ आणि घड्याळं यांचा धंदा मोठा करण्यात जपानी गिऱ्हाइकाचा फार मोठा हात आहे, असं म्हटलं की समोरच्याला ते पचत नाही. त्याला वाटतं, मी चीनबद्दल बोलतेय, नाहीतर दुबईबद्दल.

खरं तर हा माझा प्रांत नव्हे. मी चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांत जपानी दुभाषी म्हणून काम करते. रानडे इन्स्टिट्यूटच्या संध्याकाळच्या वर्गात कांजी गिरवायला लागले तेव्हा वाटलं होतं, कवितांचे अनुवाद करू. आयुष्य गेलं ते डाय, वेल्डिंगचे डाग आणि 'हा पार्ट एनजी, म्हणजे नापास, का आला' यात. गाड्यांच्या धंद्यातल्या आम्हा लोकांचं जपान म्हणजे टोकियो नव्हे, नागोया. इथल्या इंजिनियरांची तुकडी ट्रेनिंगला निघाली की सोबत दुभाषी लागतोच. सुट्टीच्या दिवशी मुलं किल्ला बघायला जातात, चॉकलेटं घेतात, स्वयंपाकाच्या सुऱ्या घेतात. मी ओसुला जाते.

ओसु म्हणजे ओसु कान्नोन मंदिराच्या आजूबाजूला पसरलेल्या, वरून छप्पर घातलेल्या बाजारगल्ल्या. जुने कपडे, कॉम्प्युटरचे सुटे भाग, तळलेलं चिकन, बाहुल्या, सगळं एकात एक. आणि त्यातच कोमेह्योचं मुख्य दुकान. १९४७ साली, युद्धात जळून गेलेल्या नागोयात, जुने कपडे विकणारं एक छोटं दुकान म्हणून हे सुरू झालं. आज जपानमधल्या वापरलेल्या ब्रँडेड वस्तूंच्या सगळ्यात मोठ्या व्यापाऱ्यांत त्याचं नाव घेतात. मजल्यावर मजले. बॅगा, घड्याळं, दागिने, किमोनो.

पहिल्यांदा आमच्या एका इंजिनियरला तिथे घेऊन गेले तेव्हा काचेच्या कपाटात ओळीने लावलेल्या लुई व्हिताँ या फ्रेंच कंपनीच्या बॅगा बघून तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, हे चोरीचं तर नाही ना?" प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. जपानी सरकारलाही हाच प्रश्न पडला होता, म्हणून १९४९ साली जुन्या वस्तूंच्या व्यापारासाठी कायदा झाला. हा धंदा करायचा तर पोलिसांच्या मार्फत परवाना काढावा लागतो, विकायला येणाऱ्याची ओळख तपासावी लागते, नोंद ठेवावी लागते. त्यामुळे बॅग विकायला आलेली बाई आपलं ओळखपत्र काढून देते, फॉर्म भरते, नंबर घेऊन खुर्चीत बसते. मान खाली घालून कोपऱ्यातून आलेली कुणी मला तिथे दिसली नाही. बँकेत ठेव मोडायला आल्यासारखा सगळा मामला.

आणि मग ती चिठ्ठी. प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी लावलेली असते आणि ती वाचणं हा माझा खरा छंद. आधी दर्जा: एन म्हणजे न वापरलेली, एस म्हणजे नव्यात जमा, मग ए, एबी, बी, सी. अक्षरांचे अर्थ दुकानागणिक थोडे बदलतात. पण नुसत्या अक्षरावर कुणी थांबत नाही. खाली लिहिलेलं असतं: चारही कोपरे घासलेले, हँडल काळवंडलेलं, कडीवर बारीक ओरखडे, आत पेनाची रेघ, आतल्या खिशाला चिकटपणा, किंचित वास. वास! विकणारा दुकानदार स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की बाई, या बॅगेला वास आहे. पुण्यात मी फ्लॅट भाड्याने घेताना मालकाने गळक्या भिंतीबद्दल एवढं सांगितलं असतं तर.

चिकटपणाचं जरा सांगते, कारण ते आपल्या हवेशी संबंधित आहे. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच व्हिताँ बॅगांच्या आतल्या खिशांना कृत्रिम चामड्यासारखं अस्तर असायचं. दमट हवेत त्यातलं रसायन वर्षानुवर्षं हळूहळू फुटत जातं आणि अस्तर गुळासारखं हाताला लागायला लागतं, पुढे त्याचे पापुद्रे निघतात. बाहेरून बॅग धडधाकट, आतून गेलेली. जपानचा उन्हाळा भयंकर दमट असतो, त्यामुळे तिथल्या व्यापाऱ्याला हे पाठ आहे. तो आधी खिशातच हात घालतो. बाहेरचं कच्चं, रंग न दिलेलं चामडं मात्र उलटं वागतं: हाताच्या घामाने आणि उन्हाने ते फिकट बदामीवरून मधासारखं होत जातं, आणि त्या रंगावरून बॅग किती फिरली हे जाणकार सांगतो. म्हणून तर हँडलला रेशमी पट्टी गुंडाळायची पद्धत आहे. बघणाऱ्याला ती शोभा वाटते. असते ती पुढच्या विक्रीची तयारी.

आता मुद्द्यावर येते. गिंझा म्हणजे टोकियोतला महागड्या दुकानांचा भाग, त्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत. मला वाटतं, जपानचा लक्झरी बाजार गिंझात दिसतो, पण उभा आहे तो अशा ओसुसारख्या दुकानांवर. नवी बॅग विकत घेणाऱ्या बाईच्या डोक्यात ती परत विकण्याचा भाव आधीपासून असतो. हा भाव ठरवणारी, खरं-खोटं तपासणारी आणि रोख देणारी जागा घरापासून चार स्टेशनांवर असेल, तर दीड-दोन महिन्यांचा पगार एका पिशवीवर घालवणं वेडेपणाचं राहत नाही.

हे समजायला पुणेकराला लक्ष्मी रोडच्या पलीकडे जायची गरज नाही. आपण पाटल्या घेतो तेव्हा पावती कपाटात जपतो. मजुरी गेली, घट धरली, तरी मोडीचा भाव येणार हे ठाऊक असतं, म्हणून हात सैल सुटतो. नागोयाच्या बाईच्या कपाटात बॅगेचा डबा असतो, डस्टबॅग असते, रिबन असते, बिल असतं. दुकानात हे सगळं दिलं की भाव चढतो. फरक एवढाच की पाटली वितळवली तरी सोनं उरतं. व्हिताँची बॅग उसवली तर हातात येतं ते लेप दिलेलं कापड. त्याची किंमत तपासणाऱ्याच्या शब्दावर टिकून असते. शब्द खोटा ठरला की बाजार संपला. म्हणूनच १९९८ साली तिथल्या व्यापाऱ्यांनी नकली माल रोखायला स्वतःची संघटना काढली, आणि आता मोठ्या दुकानांत कॅमेरा लावून एआयकडूनही तपासणी होते. व्हिताँच्या बॅगेत आत कुठेतरी एक छोटा कोड ठोकलेला असायचा, कारखाना आणि काळ सांगणारा. २०२१ पासून त्याऐवजी चिप आली. तोपर्यंत तो कोड शोधून वाचणं ही एक कलाच होती.

या सगळ्याच्या आधी काय होतं, तेही मजेशीर आहे. सामान्य जपानी माणसाला फिरण्यासाठी परदेशी जायची मुभाच मुळी १९६४ साली मिळाली. मग गटागटाने लोक पॅरिसला जायला लागले. सत्तरच्या दशकात व्हिताँची फ्रान्समध्ये फक्त दोन दुकानं होती, एक पॅरिसला, एक नीसला. पॅरिसच्या दुकानापुढे जपान्यांच्या रांगा लागायच्या. त्यातले काही हौशी, काही चक्क व्यापारी. तिथून आणलेला माल टोकियोत कितीतरी पटींनी विकला जायचा. १९७८ साली कंपनीने टोकियो आणि ओसाकात स्वतःचा माल स्वतः विकायला सुरुवात केली, बड्या डिपार्टमेंट स्टोअरांच्या आत, पण भाव आणि माणसं आपल्या ताब्यात ठेवून. पॅरिस आणि टोकियोच्या भावातली दरी कमी झाली आणि मधल्या लोकांचा नफा आटला.

तशी एकच किंमत सांगायची सवय जपानला नवी नव्हती. मित्सुकोशी हे दुकान मूळचं एचिगोया, १६७३ सालचं. किमोनोचं कापड उधारीवर, घासाघीस करून, श्रीमंतांच्या घरी नेऊन विकायच्या काळात त्यांनी पाटी लावली: रोख द्या, लिहिलेला भाव तोच खरा. नागोयाचं मात्सुझाकाया त्याहून जुनं, १६११ सालचं. या डिपार्टमेंट स्टोअरांनी पुढे परदेशी लक्झरीला तळमजल्यावर दारातच जागा दिली आणि आपली पत तिला उसनी दिली. आईने जिथून किमोनो घेतला, त्याच इमारतीतून मुलीने शनेलची लिपस्टिक घेतली, त्यात घरच्यांना वावगं वाटण्याचं कारणच उरलं नाही.

आणि घरी नेऊन विकायची पद्धत तरी कुठे गेली? मोठ्या गिऱ्हाइकांसाठी या दुकानांची खास माणसं असतात. ती डॉक्टरांच्या, कारखानदारांच्या, जमीनदार घराण्यांच्या घरी जातात. आजोबांची आवड, नातीच्या लग्नाची तारीख, बाईसाहेबांच्या अंगठीचं माप, सगळं त्यांच्या वहीत. नवं घड्याळ आलं की आधी फोन इथे. दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेवलं जातं ते अनेकदा या लोकांनी नको म्हटल्यावर. आमच्या एका पुरवठादार कंपनीच्या म्हाताऱ्या मालकांकडे मी जेवायला गेले होते, दुभाषी म्हणूनच. जेवण चालू असताना असाच एक गृहस्थ काळ्या सुटात येऊन ओसरीवर बसला. मालकांनी त्याला चहा दिला, हवामानाच्या गप्पा मारल्या, बायकोसाठी मोत्यांच्या माळेचं ठरवलं, आणि किंमत हा शब्द दोघांच्याही तोंडून एकदाही निघाला नाही. मला अनुवादाला काही कामच नव्हतं.

नागोयाची माणसं एरवी हात राखून खर्च करणारी म्हणून जपानभर प्रसिद्ध आहेत. पण लग्न निघालं की विचारू नका. मुलीला द्यायचं सामान काचेच्या भिंतींच्या ट्रकमधून, अख्ख्या गल्लीला दिसेल असं न्यायची पद्धत होती, आणि तो ट्रक वाटेत मागे घ्यायचा नाही, मुलगी माघारी येते म्हणून. समोरून गाडी आली तर तिने मागे जायचं. रोज काटकसर आणि वेळ आली की दणका, अशा गावात जुन्या ब्रँडेड मालाचं दुकान फोफावलं नसतं तरच नवल. २००० नंतर काही वर्षं तर केसांना मोठाले कुरळे झोल दिलेल्या, हातात व्हिताँ घेतलेल्या नागोयाच्या मुलींची एक फॅशनच देशभर गाजली.

तारखांकडे पाहिलं तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. २२ सप्टेंबर १९८५ ला न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात डॉलर उतरवायचा पाच देशांचा करार झाला तेव्हा एका डॉलरला २४० च्या आसपास येन पडत होते. १९८७ संपताना तो आकडा १२० च्या घरात आला. म्हणजे जपान्याच्या खिशातल्या तेवढ्याच नोटांना परदेशात दुप्पट माल. एप्रिल १९८९ मध्ये चैनीच्या वस्तूंवरचा जुना वेगळा कर गेला आणि सगळ्याच वस्तूंवर ३ टक्के सरसकट कर आला. गरिबाची सोयाबीन पेस्ट महागली, दागिना स्वस्त झाला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला निक्केई हा जपानी शेअर बाजाराचा निर्देशांक ३८,९१५ वर पोचला आणि पुढची चौतीस वर्षं त्या उंचीला परत शिवला नाही. २२ फेब्रुवारी २०२४ ला शिवला.

पण शेअर आणि जमिनींच्या भावांचा हा फुगा फुटल्यावर बॅगांची विक्री बसायला हवी होती ना? तसं झालं नाही, आणि मला हाच भाग सगळ्यात रंजक वाटतो. नव्वदच्या दशकात जपान थबकला, तरी व्हिताँची दुकानं वाढतच गेली. पडझडीतच त्यांचे सगळ्यात देखणे वाडे उभे राहिले: २००१ साली गिंझात वास्तुकार रेन्झो पियानोची काचेच्या विटांची एर्मेसची इमारत, २००२ साली टोकियोतच ओमोतेसान्दोला जुन आओकीने केलेलं व्हिताँ, २००३ साली आओयामात हेर्झोग आणि द म्यूरोन यांचं प्राडा. त्याच २००३ मध्ये ताकाशी मुराकामी या चित्रकाराने व्हिताँच्या तपकिरी नक्षीत तेहतीस रंग ओतले आणि जगभर झुंबड उडाली. ती नक्षी मूळ १८९६ ची. त्या काळी पॅरिसला जपानी कलेचं वेड होतं आणि जपानी घराण्यांच्या चिन्हांवरून ती सुचली असं म्हणतात. असेल.

माझ्या वयाच्या जपानी मैत्रिणींकडून कळलेलं कारण साधं आहे. टोकियोत घर घेणं जन्मात शक्य नाही हे एकदा कळलं. लग्न पुढे ढकललं. नोकरी होती आणि राहायला आईवडिलांचं घर होतं. भाडं नाही, जेवणाचा खर्च नाही, पगार सगळा हातात. समाजशास्त्रज्ञ मासाहिरो यामादा यांनी या पिढीला बांडगुळी म्हणावं असं नाव दिलं आणि ते चिकटलं. मला ते कधी आवडलं नाही. ज्या मुलीला कंपनीत चहा द्यायला आणि फोटोकॉपी काढायला बसवलं, तिशी आली की सोडून जाईल असं गृहीत धरलं, तिने स्वतःच्या पैशाने स्वतःला एक चांगली वस्तू घेतली तर त्यात परजीवी काय आहे? बापाच्या गोल्फ क्लबच्या सभासदत्वाला कुणी असलं नाव दिलं नाही, आणि फुगा फुटल्यावर त्या सभासदत्वाची किंमत धुळीला मिळाली. बॅग मात्र ओसुच्या काउंटरवर पैसे देत राहिली.

२००८ च्या मंदीत काही काळ खरंच कंबर मोडली. व्हर्साचेने २००९ साली जपानमधली दुकानं बंद केली होती. मग कर वाढले, २०१४ साली ८ टक्के, २०१९ साली १०, आणि दर वेळी आदल्या महिन्यात घड्याळांच्या दुकानांत गर्दी. हे सगळं पटकन सोडून देते, कारण खरी गंमत त्यानंतरची आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात डॉलर १६१ येनच्या वर गेला. १९८६ नंतर येन एवढा कधी घसरला नव्हता. आपल्या हिशेबात सांगायचं तर शंभर येन ५२ रुपयांना. २०१२ साली त्यालाच ६५ च्या वर मोजावे लागायचे. २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी प्रवासी जपानला गेले, तोपर्यंतचा उच्चांक. कंपन्यांनी येनमधले भाव वाढवले, पण येन त्यांच्यापेक्षा वेगाने पडत होता. तेव्हा तीच बॅग जपानमध्ये पॅरिस किंवा शांघायपेक्षा स्वस्त, वर परदेशी पासपोर्टवर दहा टक्के कर माफ. व्हिताँची मालक कंपनी एलव्हीएमएच, तिचे एप्रिल ते जून २०२४ चे आकडे आले: जपानमधली विक्री ५७ टक्क्यांनी वर, आणि उरलेल्या आशियातली १४ टक्क्यांनी खाली. वर्तमानपत्रांत मथळे आले, जपानी ग्राहक परतला. कसला परततोय! सुटकेस घेऊन आलेला चिनी प्रवासी होता तो. त्या वर्षी मी नागोयाच्या साकाएमध्ये एका दुकानाबाहेर रांग पाहिली, तीत जपानी भाषा जवळपास ऐकूच आली नाही. पुढच्या वर्षी येन थोडा सावरला, प्रवाशांचा हात आखडला, आणि त्याच तिमाहीत त्याच कंपनीची जपानमधली विक्री २८ टक्क्यांनी खाली आली.

त्या काळात जपानी गिऱ्हाईक कुठे होतं? ओसुमध्ये. विकत होतं. नव्या बॅगेचा भाव चढला की जुन्याचाही चढतो, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. आजीच्या कपाटातली, आईची, बहिणीची, सगळी बाहेर निघाली. आणि व्यापारी लोक आपसात लिलाव करतात, त्यात हाँगकाँग, अमेरिका, कुठून कुठून बोली लागते. 'जपानमधून आलेली जुनी बॅग' हा आता जगभर दर्जाचा शिक्का झाला आहे. फ्रान्समध्ये शिवली, टोकियोत डब्यात वीस वर्षं झोपली, आणि न्यूयॉर्कला जास्त भावाने गेली, कारण जपान्याने सांभाळली होती.

माझ्या हिंजवडीतल्या भाचीला यातलं एवढंच कळलं की मावशी नागोयाला जातेय. तिला बोनस मिळाला होता आणि व्हिताँची 'स्पीडी' हवी होती, ती गोल पोटाची, दोन हँडलांची. मी ओसुहून व्हिडिओ कॉल लावला आणि एक बी दर्जाची दाखवली, नव्याच्या निम्म्याहूनही कमी भावाची.

"मावशी, ही वापरलेली आहे?"

"कोपरे थोडे घासलेत. आतून स्वच्छ आहे. वास नाही, मी नाक घालून पाहिलंय."

"पण कुणाची तरी असेल ना ती..."

मागून ताईचा आवाज आला. "दुसऱ्याची पर्स कशाला? लक्ष्मी बाहेर गेलेली असते त्यातून."

आता यावर काय बोलणार? मी तिथल्या तरुण विक्रेत्याला हा आक्षेप भाषांतर करून सांगितला. तो जराही हसला नाही. गंभीरपणे म्हणाला की पाकिटांच्या बाबतीत त्यांच्याकडेही असं मानणारी गिऱ्हाइकं असतात, म्हणून पाकिटं लोक शक्यतो नवीच घेतात, पण बॅगेला हरकत नसावी. मी हे उलट मराठीत करून सांगितलं. ताई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "आणि परत द्यायची झाली तर किती देतील?"

मी विचारलं. त्याने बॅग उलटीसुलटी करून एक आकडा सांगितला, विक्रीच्या भावाच्या बराच खाली, अर्थातच. त्यांचं भाडं, तपासणी, नफा त्यातूनच निघतो. आणि तोही दर्जा असाच राहिला तर. पुण्यात जून ते सप्टेंबर बंद कपाटात ठेवून त्यावर पांढरी बुरशी धरली की बी चा सी व्हायला एक आषाढ पुरतो. इथे कोरेगाव पार्कात राहणाऱ्या आमच्या जपानी साहेबांच्या बायकोचं मी पाहिलंय: पावसाळ्यात ती बॅगा प्लॅस्टिकमध्ये अजिबात बांधत नाही, सुती कापडात ठेवते, सिलिका जेलच्या पुड्या टाकते आणि ऊन पडलं की कपाटाची दारं उघडून पंखा लावते. हे मी भाचीला सांगितलं. हेही सांगितलं की विमानतळावर मर्यादेच्या वर मूल्य गेलं तर कस्टमला सांगून ड्यूटी भरायची, 'जुनी आहे हो' म्हणून भागत नाही. आणि मगरीच्या किंवा अजगराच्या कातड्याची असेल तर हातच लावायचा नाही, वन्यजीवांच्या कागदपत्रांशिवाय ती अडकते.

"एवढं सगळं करून पुण्यात ती घेणार कोण?" ताई म्हणाली. "मोडायला पुन्हा जपानलाच जायचं का? त्यापेक्षा बांगडी कर."

हिशेब तिचा बरोबर होता. पुण्यात बॅग हातात घेऊन, आत हात घालून, वास घेऊन, रोख भाव सांगणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. तो नसेल तोवर इथे ती वस्तू फक्त खर्च आहे. भाचीने तरीही घेतली. आता तिला हँडलला गुंडाळायला रेशमी पट्टी हवी आहे. तीही ओसुचीच, पण ए दर्जाच्या खालची चालणार नाही म्हणते.